गुरांचें खाणें आणि गुरांचे पाय

गाय किंवा बैल लंगडूं लागला म्हणजे आपल्याकडे घरचा कर्ता मनुष्य प्रथम त्याचा पाय उचलून पाहतो. कांटा रुतला आहे काय, बेचक्यांत खडा अडकला आहे काय, पत्रीचा खिळा आंत गेला आहे काय, इतकें तो पाहतो. आणि तेथें फोड दिसले तर 'खुरकूत' असें म्हणून मोकळा होतो. ही रीत वाईट नाहीं. परंतु ज्या देशांत एकेका ठिकाणीं हजारों गुरें केवळ पुष्ट करण्यासाठीं कोंडून ठेवलेलीं असतात, तेथील जाणते पशुवैद्य पायाबरोबर आणखी एका गोष्टीची चौकशी करितात. या जनावरास गेल्या दोनतीन महिन्यांत खावयास काय घातलें, आणि तें किती दिवसांत वाढवीत नेलें, असें ते विचारतात. दुखणें पायाचें आणि चौकशी गव्हाणीची, हें आमच्या बालवाचकांस विचित्र वाटेल. या दोहोंचा संबंध काय तो उलगडून दाखवावा, म्हणून हा लेख लिहीत आहों.

'फीडलॉट' या नांवानें ओळखले जाणारे हे गुरांचे वाडे मुख्यत्वेंकरून उत्तर अमेरिकेंत आहेत. संयुक्त संस्थानांपैकीं टेक्सासचा उत्तरेकडील उंच सपाट प्रदेश, कॅन्ससचा पश्चिम भाग, नेब्रास्का व कोलोराडो, आणि कॅनडांतील आल्बर्टा प्रांताचा दक्षिण भाग, हीं त्यांचीं आगरें होत. पूर्वीं तेथील शेतकरी हिवाळ्यांत शेतीचें काम नसे तेव्हां पांचपन्नास गुरें घरच्या मक्यावर पोसून विकीत असे. इ. स. १९३० च्या सुमारास कोलोराडोंतील ग्रीली या गांवीं वॉरन मॉन्फर्ट नांवाच्या गृहस्थानें हें काम आरंभिलें आणि तें बाराहि महिने चालविलें. पुढें त्याच्या कुटुंबाच्या वाड्यांतील गुरांची संख्या लाखाच्या घरांत गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर ओगलाला नांवाच्या विस्तीर्ण भूमिगत जलसांठ्याचें पाणी पंपांनीं वर येऊं लागलें, कोरड्या माळावर ज्वारी व मका पिकूं लागला, आणि जेथें धान्य तेथें गुरें, या न्यायानें मोठमोठे वाडे त्या माळावर उभे राहिले.

वासरूं कुरणांत जन्मतें. सहाआठ महिन्यांचें झालें म्हणजे त्यास आईपासून तोडतात, कांहीं काळ गवतावर वाढवितात, आणि सुमारें ३०० ते ३५० किलो वजनाचें झालें म्हणजे तें वाड्यांत येतें. तेथें पांचसहा महिन्यांत तें ६०० किलोंच्या आसपास जातें. दररोज दीड किलो वजन वाढावें अशी मालकाची अपेक्षा असते. हें नुसत्या गवतावर होत नाहीं. त्यास धान्य लागतें. आणि वाड्यांतील प्रत्येक दिवस खर्चाचा असल्यामुळें तें धान्य लवकर सुरू करावें, लवकर वाढवावें, असा मोह मालकास पडतो. पुष्कळ दुखण्यांचें मूळ या 'लवकर' शब्दांत आहे.

मांसासाठीं पोसलेल्या गुरांची ही हकीकत आमच्या कांहीं वाचकांस रुचणार नाहीं, हें आम्ही जाणून आहों. तथापि तेथें जें हजारोंच्या संख्येनें घडतें आणि म्हणून मोजतां येतें, तेंच आपल्या गोठ्यांत एकट्या गाईच्या बाबतींत घडतें आणि बहुधा न कळतां निघून जातें. ज्यांच्या घरीं एखादी संकरित गाय किंवा बैलजोडी आहे त्यांनीं हें सर्व आपल्या गव्हाणीस लावून पाहावें.

आतां पोटाकडे वळूं. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाचे चार कप्पे असतात, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं पाठ केलेलें असेलच. त्यांपैकीं पहिला व सर्वांत मोठा जो कप्पा, त्यास कोटीपोट म्हणतात. मोठ्या जनावरांत त्यांत शंभराहून अधिक लिटर माल सहज मावतो. हें पोट म्हणजे एक आंबवणीचा रांजण आहे असें समजावें. त्यांत असंख्य सूक्ष्म जंतु राहतात. गाय जो चारा खाते तो आधीं हे जंतु खातात, आणि त्यांनीं तयार केलेल्या सौम्य आम्लांवर व शेवटीं त्या जंतूंच्या शरीरांवरच गाय जगते. गवतांतील तंतु पचविणारे जंतु धिम्या चालीचे असतात. धान्यांतील पिठूळ भाग पचविणारे जंतु मात्र फार चपळ असतात. ते थोड्या वेळांत पुष्कळ आम्ल तयार करितात.

हें आम्ल मारण्याची सोय निसर्गानें जनावराच्या तोंडांतच करून ठेविली आहे. गाय दिवसाकांठीं शंभर लिटर व त्याहूनहि अधिक लाळ गिळते, आणि त्या लाळेंत खाण्याच्या सोड्याच्या जातीचा क्षार असतो. ज्या सोड्यानें आपल्या पोटांतील जळजळ शमते, त्याच सोड्यानें गाईचें पोट ताळ्यावर राहतें. परंतु ही लाळ सुटते ती चावण्यानें व रवंथ करण्यानें. कडब्याचें धाट चावावें लागतें. दळलेलें धान्य चावावें लागत नाहीं. म्हणजे ज्या खाद्यानें आम्ल वाढतें, त्याच खाद्यानें आम्लावरचा उतारा कमी होतो. धान्याचा धोका दुहेरी आहे तो असा.

पदार्थाचा आंबटपणा मोजण्याचें जें माप आहे त्यास सामू म्हणतात. शुद्ध पाण्याचा सामू ७ धरितात, आणि तो जसजसा खालीं जाईल तसतसा पदार्थ अधिक आंबट. गवत खाणाऱ्या गाईच्या कोटीपोटाचा सामू ६ ते ७ यांच्यामध्यें असतो. तो ५.६ च्या खालीं तासन् तास राहूं लागला कीं आम्लधर्मी अपचनाचा आरंभ झाला असें समजतात. तो ५ च्याहि खालीं गेला तर जनावराच्या जिवावर बेतलेंच. एकाएकीं पुष्कळ धान्य पोटांत गेलें म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिस नांवाचे जंतु भराभर वाढून लॅक्टिक आम्ल, म्हणजे दह्याला आंबटपणा आणणारें आम्ल, तयार करितात. तें नेहमींच्या आम्लांपेक्षां पुष्कळ तीव्र असतें. त्यानें इतर जंतु मरतात. आणि आंबटांतच सुखानें वाढणारे दुसरे जंतु त्यांची जागा घेऊन आणखी तेंच आम्ल करितात. मग शरीरांतील पाणी त्या पोटाकडे ओढलें जातें, डोळे खोल जातात, शेण पातळ व आंबूस होतें, रवंथ थांबतें, आणि एकदोन दिवसांत जनावर मरूंहि शकतें.

आपल्याकडे हा प्रकार कोठें पाहावयास मिळतो असें कोणी विचारील, तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं. वर्षभर कडब्यावर राहिलेल्या बैलास त्या दिवशीं पुरणपोळी, घुगऱ्या, पीठ यांचा नैवेद्य घरोघर होतो. जो येतो तो एक पोळी भरवितो, आणि बैलास नाहीं म्हणतां येत नाहीं. त्याच्या कोटीपोटांतील जंतूंस मात्र सणाची कांहीं कल्पना नसते. गाय सुटून ज्वारीच्या राशीवर पडली, किंवा लग्नाच्या पंगतीचें उरलेलें अन्न टोपलीनें गुरांपुढें ओतलें, तरी हेंच घडतें. सणास एखादी पोळी घालून बाकीच्या कौतुकाची परतफेड हिरव्या चाऱ्यानें करावी, हें आमचें मत कांहीं आजीबाईंस कंजूषपणाचें वाटेल. पण बैलाच्या हिताचें तेंच आहे. पोट फुगून जनावर सुस्त झालेंच तर धान्य तत्काळ बंद करावें, कोरडें गवत पुढें ठेवावें आणि पशुवैद्यास बोलवावें. गांवठी उपायांत रात्र घालवूं नये.

हा झाला उघड रोग. फीडलॉटमध्यें याहून अधिक नुकसान होतें तें सौम्य रूपानें. जनावर मरत नाहीं, आजारीहि दिसत नाहीं. एक दिवस कमी खातें, दुसऱ्या दिवशीं भुकेनें अधिक खातें, पुन्हां आम्ल चढतें, पुन्हां खाणें उतरतें. असें हेलकावे खात महिना जातो, आणि त्याचे परिणाम पोटाबाहेर दिसूं लागतात.

ते पायापर्यंत कसे पोंचतात हें समजण्यास खुराची रचना पाहिली पाहिजे. खुराचें बाहेरचें कवच आपल्या नखासारख्याच द्रव्याचें, निर्जीव व कठीण असतें. त्याच्या आंत पायाचें शेवटचें हाड असतें. कवच आणि हाड यांच्यामध्यें रक्तवाहिन्यांनीं भरलेलें एक जिवंत, नाजूक अस्तर आहे. या अस्तरास पुस्तकाच्या पानांसारख्या बारीक घड्या असतात, आणि त्या कवचाच्या आंतील तशाच घड्यांत गुंतून बसलेल्या असतात. जनावराचें पुष्कळसें वजन या गुंतवणीवर तोललेलें असतें. पोटांत तीव्र आम्ल माजलें म्हणजे तेथील जंतु मरून त्यांच्या शरीरांतील विषें सुटतात. आम्लानें पोटाचें अस्तरहि दुखावलेलें असतें, त्यामुळें हीं विषें व दाह उत्पन्न करणारीं द्रव्यें रक्तांत शिरतात. खुरांतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा कारभार त्यानें बिघडतो, अस्तर सुजतें, आणि सुजेला पसरावयास जागा नाहीं, कारण भोंवतीं कठीण कवच आहे. नखाखालीं रक्त साकळलें असतां बोट कसें ठणकतें हें ज्यानें अनुभविलें असेल, त्यानें सहाशें किलो वजन त्याच बोटावर ठेवून उभें राहण्याची कल्पना करावी. इंग्रज पशुवैद्य यास लॅमिनायटिस म्हणतात. आपण खुराच्या अस्तराचा दाह म्हणूं.

अशा जनावरास एकच पाय दुखतो असें नव्हे. म्हणून तें सरळ लंगडतहि नाहीं. तें पाठीची कमान करून उभें राहतें, पाय पोटाखालीं घेतें, एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकीत राहतें, आखडतें पाऊल टाकतें आणि पडून राहणें पसंत करितें. अनोळखी मनुष्यास तें केवळ आळशी वाटतें.

येथें काळाची एक गंमत आहे. खूर महिन्यास सुमारें अर्धा सेंटिमीटर वाढतो. अस्तरास आज इजा झाली तर त्या दिवशीं तयार होणारें कवच कच्चें निपजतें, आणि त्याची खूण, म्हणजे खुरावरची आडवी खाच, कांहीं आठवड्यांनीं केसांच्या कडेखालून बाहेर येते व महिन्यामहिन्यानें अंगठ्याकडे सरकत जाते. खाच केसांपासून दीड सेंटिमीटरवर दिसली तर तीन महिन्यांपूर्वीं काय झालें तें आठवावें. बहुधा वाड्यांतील खात्याच्या वहीत त्या आठवड्यांत धान्य वाढविल्याची नोंद सांपडते. मालकानें वही लिहिली नसली तरी खुरानें ती लिहून ठेवलेली असते.

पोटांतील आम्लाचा दुसरा एक परिणाम सांगण्यासारखा आहे. कोटीपोटांत फ्यूजोबॅक्टेरियम नेक्रोफोरम नांवाचे जंतु नेहमींच असतात व तेथें कांहीं उपद्रव करीत नाहींत. आम्लानें पोटाच्या अस्तरास व्रण पडले म्हणजे ते त्या वाटेनें रक्तांत शिरून यकृतांत जातात व तेथें गळवें करितात. पोटाचा व्रण आणि यकृताचें गळूं यांचा हा संबंध कोलोराडोंतील रू जेन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९५४ सालीं स्पष्ट केला. हेच जंतु शेणावाटे जमिनीवर पडतात, आणि चिखलानें मऊ पडलेल्या किंवा खड्यानें फाटलेल्या खुराच्या बेचक्यांत शिरून तेथील मांस कुजवितात. एकच शत्रु पोटांतून यकृतावर चाल करितो आणि वाड्यांतील चिखलांतून पायावर.

आतां उपाय. त्यांपैकीं सर्वांत मोठा उपाय कोणत्याहि औषधाच्या दुकानांत मिळत नाहीं. तो म्हणजे सवड. नव्यानें आलेल्या गुरांस प्रथम भरपूर गवत व पाणी देतात. नंतर जें मिश्रण घालतात त्यांत आरंभीं सुमारें निम्मा भाग वैरणीचा असतो, म्हणजे वाळलेला लसूणघास, मुरघास, गव्हाचा भुसा यांपैकीं कांहीं. दर पांचसात दिवसांनीं एक पायरी चढत, वैरण कमी व धान्य अधिक असें करीत, तीनचार आठवड्यांनीं शेवटच्या खुराकावर येतात. तेवढ्या काळांत कोटीपोटांतील जंतूंची वस्ती बदलते, लॅक्टिक आम्ल खाऊन टाकणारे जंतु पुरेसे वाढतात, आणि पोटाच्या आंतील बाजूस आम्ल शोषून घेणारे जे बारीक केसाळ उंचवटे असतात तेहि लांब व रुंद होतात. ही पायरी गाळून आठवडा वांचविणारा मालक तो आठवडा पुढें दवाखान्याच्या वाड्यांत भरून देतो.

शेवटच्या खुराकांतहि वैरण अजिबात काढून टाकीत नाहींत. शेंकडा आठदहा भाग तरी ठेवितात. तिच्यांतून पोषण फारसें मिळत नाहीं. ती असते चावण्यासाठीं. म्हणून ती पिठासारखी बारीक करून चालत नाहीं, आणि फार लांब ठेवूनहि चालत नाहीं, कारण मग जनावर ती नाकानें बाजूला सारून खालचें धान्यच खातें. धान्याची जातहि पाहावी लागते. गहू व सातू पोटांत फार लवकर आंबतात. अख्खा किंवा भरडलेला मका त्यांहून सावकाश, आणि ज्वारी त्याहूनहि सावकाश. परंतु मोठ्या वाड्यांत मका वाफेंत शिजवून मोठ्या रुळांखालीं चेपतात. आपले पोहे करण्याचीच ही क्रिया होय. फरक इतकाच कीं पोहे माणसासाठीं व हे गुरांसाठीं. असा मका अधिक पचतो, आणि म्हणूनच अधिक लवकर आंबतो. जो लाभ तोच धोका, असें या व्यवसायांत पावलोपावलीं आढळतें.

गव्हाण वाचणें ही तेथील एक खरीखुरी विद्या आहे. वाड्याच्या एका बाजूनें सिमेंटची लांबच लांब गव्हाण असते. भल्या पहाटे एक अनुभवी मनुष्य तिच्या कडेनें फिरतो आणि रात्रीचें किती उरलें तें पाहतो. साउथ डाकोटा स्टेट युनिव्हर्सिटीनें यासाठीं ० ते ४ अशी गुणांची पद्धत बसवून दिली आहे. गव्हाण चाटून स्वच्छ झाली असेल तर शून्य, खाद्य तसेंच पडलें असेल तर चार. शून्य दिसलें म्हणून लगेच पाटीभर वाढवावयाचें नसतें. एकदोन दिवस तेंच प्रमाण ठेवून मग थोडें वाढवितात. गुरें सकाळीं गव्हाणीकडे धांवत आलीं, कीं चालत आलीं, कीं पडूनच राहिलीं, हेंहि तो टिपून ठेवितो. खाद्य रोज ठराविक वेळीं पडावें यावर त्याचा मोठा कटाक्ष असतो. हिमवर्षाव झाला, गाडी तीन तास अडकली, गुरें भुकेलीं राहिलीं आणि मग एकदम तुटून पडलीं, कीं त्याच रात्रीं पोटांत आम्ल चढतें. आपल्याकडील दूधवाल्यांनाहि वेळेचा हा नियम लागू आहे. पण तो पाळणारे फार थोडे.

मॉनेन्सिन नांवाचें एक द्रव्य संयुक्त संस्थानांत १९७५ पासून गुरांच्या खाद्यांत घालण्यास परवानगी आहे. त्यानें लॅक्टिक आम्ल करणारे जंतु आवरले जातात, व जनावर एकदम अधाशीपणें न खातां थोडें थोडें खातें. हेंच द्रव्य घोड्याच्या पोटांत गेलें तर घोडा मरतो. ज्या वाड्यांत गुराखी घोड्यावर बसून फिरतात, तेथें खाद्याची पोती कोठें ठेवावयाचीं याची काळजी कां घ्यावी लागते, हें यावरून ध्यानांत येईल.

खनिजांविषयीं थोडक्यांत लिहितों, कारण याविषयीं जाहिरातींतून जेवढा गाजावाजा होतो तेवढें त्यांत नाहीं. खुराचें कवच घट्ट होण्यास जस्त लागतें, तांबेंहि लागतें. पोसावयाच्या गुरांच्या दर किलो कोरड्या खाद्यांत ३० मिलिग्रॅम जस्त व १० मिलिग्रॅम तांबें असावें, असें अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेचें मान आहे. पाण्यांत गंधक अधिक असल्यास खाद्यांतील तांबें अंगीं लागत नाहीं, म्हणून विहिरीचें पाणी तपासून घेणें शहाणपणाचें. धान्यांत चुन्याचा अंश फार कमी असल्यानें बारीक चुनखडी मिसळावीच लागते. बायोटिन नांवाचें जीवनसत्त्व दररोज २० मिलिग्रॅम दिल्यानें दुभत्या गाईंचे खूर सुधारतात असें दिसून आलें आहे. परंतु त्यास कित्येक महिने लागतात, आणि फीडलॉटमधील जनावर तितके दिवस तेथें नसतेंच. आम्लानें बिघडलेल्या पोटावर जस्ताची पुडी हा उपाय नव्हे.

इतकें वाचून कोणी असें समजूं नये कीं लंगडेपणा सगळा खाण्यांतून येतो. तसें म्हणणें म्हणजे एका चुकीच्या जागीं दुसरी चूक बसविणें होय. नेब्रास्कांतील पशुवैद्यांनीं पांच मोठ्या फीडलॉटांच्या नोंदी तपासून १९९३ सालीं जें प्रसिद्ध केलें, त्यांत एकंदर आजारांपैकीं शेंकडा १६ लंगडेपणाचे होते. आणि पोसून उपयोग नाहीं म्हणून मध्येंच विकून टाकाव्या लागलेल्या गुरांपैकीं शेंकडा ७० लंगडीं होतीं. या लंगडेपणांत नाना प्रकार येतात. बेचकें कुजण्याचा रोग चिखलांत होतो, आणि हिवाळ्यांत तोच चिखल गोठून दगडासारखा खरखरीत झाला म्हणजेहि होतो. त्यांत पाय एकाएकीं सुजतो, दोन्ही नख्या फांकतात आणि घाण वास येतो. टांचेच्या वर लाल, ओलसर, स्ट्रॉबेरीच्या फळासारखी दिसणारी जखम होते ती निराळी. तिचें वर्णन १९७४ सालीं इटलींत केली व मोर्टेलारो यांनीं दुभत्या गाईंच्या बाबतींत प्रथम केलें, आणि आतां ती फीडलॉटांतहि पसरली आहे. तिच्यासाठीं गुरांस मोरचुदाच्या पाण्यांतून चालवितात. आपल्या परिचयाचें लाळ्या-खुरकूत मात्र संयुक्त संस्थानांत १९२९ नंतर झालेलें नाहीं.

वाड्यांत येऊन थोडे दिवस झाले नाहींत तोंच मागच्या पायांनीं लंगडणारीं जीं गुरें असतात, त्यांचें दुखणें पुष्कळदां अंगठ्याच्या टोकाचें असतें. त्यास ना धान्य कारण, ना चिखल. गाडींतून उतरतांना किंवा टोंचण्यासाठीं खोड्यांत घालतांना माणसें आरडाओरड करितात, काठ्या उगारतात. घाबरलेलीं गुरें पुढच्यावर रेटा देतात आणि खरखरीत सिमेंटवर मागचे पाय घासतात. कानशीनें घासावें तसें खुराचें टोंक झिजतें, तेथील सांधा उघडा पडतो, जंतु आंत शिरतात, आणि हाडापर्यंत कुजतें. कोलोराडो स्टेट युनिव्हर्सिटींतील टेम्पल ग्रँडिन या विदुषींनीं १९७० नंतरच्या काळांत ॲरिझोनांतील वाड्यांतून गुरांच्या डोळ्यांस काय दिसतें याचा अभ्यास केला. कठड्यावर लोंबणारी साखळी, जमिनीवरची सावली, चमकणारें डबकें अशा क्षुल्लक गोष्टींनीं गुरूं अडतें, आणि अडलेल्या गुरास मारण्यापेक्षां ती साखळी काढून टाकणें सोपें असतें, हें त्यांनीं दाखवून दिलें. जमीन घसरडी नसावी, यावर त्यांचा भर असतो. आणि ती कानशीसारखी खरखरीतहि नसावी. हांकणाऱ्यानें ओरडूं नये, हा पायाच्या दुखण्यावरचा उपाय आहे असें कोणास वाटलें असतें !

चिखलासाठीं वाड्याची जमीन उतरती ठेवितात, मध्यें मातीचे उंचवटे करितात म्हणजे पावसांत व बर्फांत गुरांस बसावयास कोरडी जागा मिळते, आणि गव्हाणीलगत सिमेंटचा पट्टा घालून तो वरचेवर खरवडतात. ओल्या जागेंत जनावर बसत नाहीं, आणि न बसणाऱ्या जनावराच्या खुरास विश्रांति नाहीं.

या सर्व प्रकारांत नेहमीं होणारी चूक एकच. दमलेला नोकर लंगडें जनावर पाहतो, 'पाय कुजला' म्हणतो, सुई टोंचतो आणि परत सोडतो. बेचकें खरोखर कुजलें असेल तर तीनचार दिवसांत गुण येतो. अंगठा कुजला असेल, सांधा आंतून पिकला असेल किंवा अस्तराचा दाह असेल, तर त्या सुईनें कांहीं होत नाहीं. फक्त आठवडा जातो. पाय उचलून, धुऊन, पाहूनच औषध द्यावें, हें सांगावयास विद्यापीठ नको. परंतु सहाशें किलोंच्या अर्धवट रानटी जनावराचा पाय उचलणें हें आपल्या घरच्या कपिलेचा पाय उचलण्याइतकें सोपें नसतें, हेंहि त्या नोकराच्या वतीनें सांगितलें पाहिजे.

खाद्य व पाय यांच्या संबंधाचा एक प्रसंग १९१३ नव्हे तर अगदीं अलीकडचा, म्हणजे १ शतकानंतरचा, २०१३ सालचा आहे. झिल्पाटेरॉल नांवाचें एक औषध शेवटच्या तीनचार आठवड्यांत खाद्यांतून दिल्यानें गुरांचें मांस झपाट्यानें वाढत असे. त्या वर्षाच्या ऑगस्टमध्यें एका मोठ्या मांस-कंपनीनें जाहीर केलें कीं, आपल्याकडे येणाऱ्या कांहीं गुरांस नीट चालतां येत नाहीं किंवा हलतांच येत नाहीं. कारण निश्चित ठाऊक नाहीं, पण हें औषध खाल्लेलीं गुरें आपण यापुढें घेणार नाहीं. त्याच महिन्यांत औषधाच्या उत्पादकांनीं संयुक्त संस्थानांत व कॅनडांत त्याची विक्री थांबविली. उन्हाळा, लांबचा प्रवास, सिमेंटची जमीन, वाढलेलें वजन, यांपैकीं कोणाचा वांटा किती, याविषयीं वाद झाले. आमचें लक्ष वेधलें तें एवढ्याच गोष्टीनें कीं, वजन वाढविण्याच्या घाईची पहिली तक्रार पुन्हां पायांनींच केली. त्यापूर्वीं, २००९ सालीं, जें गुरूं स्वतःच्या पायांवर उभें राहूं शकत नाहीं तें कत्तलखान्यांत घेऊं नये असा नियम तेथील सरकारनें केला होता. त्यामुळें लंगडें जनावर वेळेवर ओळखण्यांत मालकाचा स्वार्थहि गुंतला.

तें ओळखण्याचें काम घोडेस्वार गुराख्यांकडे असतें. ते रोज प्रत्येक वाड्यांतून हळूहळू घोडा नेतात. गुरूं हें मूळचें भक्ष्य होणारें प्राणी असल्यामुळें दुखणें लपविण्याची त्याची जन्मजात संवय असते. घोडा जवळ आला कीं लंगडेंहि सावरून चालूं पाहतें. म्हणून अनुभवी गुराखी खाद्याची गाडी येण्याच्या वेळीं दूर उभा राहून पाहतो. सगळीं गुरें गव्हाणीकडे वळलीं आणि एक मागें राहिलें, तर तें कोणतें हें तो टिपून ठेवितो. दुखऱ्या पायाचें जनावर भुकेपेक्षां वेदनेस अधिक भितें. तें दिवसांतून दहा वेळां गव्हाणीकडे जाण्याऐवजीं दोनदां जातें, आणि त्या दोन वेळांत पोटभर धान्य गिळतें. म्हणजे पाय दुखूं लागला कीं पोटांत आम्ल होण्याचा धोका वाढतो. अशा रीतीनें पोटापासून पायाकडे आलेला रस्ता पुन्हां पायापासून पोटाकडे वळतो.

यासाठीं लंगड्या जनावरास निराळ्या लहान वाड्यांत नेतात. तेथें जमीन मऊ, पाणी व गव्हाण जवळ, सोबतीस थोडींच गुरें आणि पुढ्यांत वाळलेलें गवत. चारहि पायांवर सारखा भार देऊन तें चालूं लागलें म्हणजे परत नेतात; परंतु तें बाहेर गेलें त्या दिवशीं त्याचे सोबती जो खुराक खात होते तो त्यास लगेच देत नाहींत. गवतावर राहिल्यानें त्याच्या पोटांतील जंतूंची वस्ती पुन्हां पहिल्यासारखी झालेली असते. निम्म्या वैरणीच्या पहिल्या पायरीवर त्यास पुन्हां उभें करावें लागतें, आणि तेथून तीनचार आठवडे मोजावे लागतात.